नकोसा खेळाडू आणि क्लबची खातेवही : नव्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी शनिवारी रात्री इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने पाहायला माझा भाचा आणि त्याचे चार-पाच मित्र जमतात. होळकर स्टेडियमच्या गावात ही मुले क्रिकेटवरच वाढली, त्यामुळे फुटबॉलकडे येताना ती आयपीएलचे नियम सोबत घेऊन येतात. गेल्या हंगामात एकाने विचारले, “मामा, हा खेळाडू वर्षभर बाकावरसुद्धा दिसत नाही, आणि क्लब तर पैशांची अडचण सांगतो. मग त्याला रिलीज का करत नाहीत?” प्रश्न अगदी रास्त आहे. आयपीएलमध्ये संघाने खेळाडूला सोडले की त्याची रक्कम लिलावाच्या थैलीत परत येते. युरोपीय फुटबॉलमध्ये असे काही होत नाही. खेळाडूला सोडल्यावरही त्याचा खर्च वहीतून उतरत नाही, आणि पुष्कळदा सोडल्याच दिवशी तो खर्च फुगून एकदम समोर उभा राहतो.

मी जन्मभर कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांची खाती लिहिली. त्या सवयीने त्या मुलांना जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानावर जे समजावून सांगितले, तेच येथे क्रमाने मांडत आहे. कोणताही नकोसा झालेला खेळाडू घ्यावा आणि या पायऱ्यांनी त्याचे पान मांडावे, म्हणजे क्लब असा का वागतो आहे हे बातमीवाल्यांच्या मदतीशिवाय उमगू लागते.

पहिली पायरी : क्लबला कोणता नियम लागू आहे ते पाहावे

युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना युएफाचे, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेचे, नियम लागू होतात. ‘फायनान्शियल फेअर प्ले’ या नावाने २०१० मध्ये संमत झालेल्या नियमांची जागा २०२२ मध्ये नव्या नियमांनी घेतली. या नव्या नियमांनुसार खेळाडूंचे पगार, खरेदीचा वार्षिक हिस्सा आणि एजंटांचे मानधन मिळून होणारा खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत बसवावा लागतो. ही मर्यादा आधी ९०, मग ८० आणि २०२५-२६ पासून ७० टक्के अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून वेगळी पद्धत चालत आली : तीन वर्षांचा मिळून तोटा जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड, आणि तोही मालकाने त्यातला मोठा भाग भांडवल घालून भरून काढला तरच. त्या तीनपैकी काही वर्षे क्लब खालच्या श्रेणीत असेल, तर ही मर्यादा आणखी कमी होते. २०२६-२७ पासून तेथेही उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांचे प्रमाण लावण्याचे क्लबांनी मतदानाने ठरवले.

स्पेनची रीत याहून कडक आहे, कारण तेथे वर्ष संपल्यावर शिक्षा करण्यापेक्षा वर्ष सुरू होण्याआधीच खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते आणि त्या मर्यादेबाहेरच्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लिओनेल मेस्सीला बार्सिलोना सोडावे लागले ते या कारणाने. क्लबला तो हवा होता आणि त्यालाही राहायचे होते, पण वहीत जागा नव्हती.

हे नियम कागदावरच राहत नाहीत. एव्हर्टनने इंग्लंडची मर्यादा १ कोटी ९५ लाख पौंडांनी ओलांडली, म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांचे १० गुण कापले गेले, जे अपिलानंतर ६ वर आले, आणि त्याच हंगामात पुढच्या हिशेबासाठी आणखी २ गुण गेले.

दुसरी पायरी : खेळाडूची पुस्तकी किंमत काढावी

सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

क्लब एखादा खेळाडू ५ कोटी पौंडांना विकत घेतो आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार करतो असे समजा. हा सगळा खर्च पहिल्याच वर्षी लिहिला जात नाही. दुकानातल्या यंत्रावर आपण दरवर्षी घसारा लावतो, तसा हा खर्च कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, म्हणजे दरवर्षी १ कोटी. त्याचा पगार आठवड्याला १ लाख पौंड असेल, तर वर्षाचे ५२ लाख. दोन्ही मिळून तो क्लबला दरवर्षी १ कोटी ५२ लाखांना पडतो. दोन वर्षांनंतर वहीत त्याची किंमत ३ कोटी उरलेली असते. हीच त्याची पुस्तकी किंमत. बाजारात त्याला काय भाव मिळतो याच्याशी तिचा काहीही संबंध नाही, आणि नवे प्रेक्षक नेमके येथेच चुकतात.

आता दोन वर्षे खेळ न जमलेल्या या खेळाडूला २ कोटींची मागणी आली. वर्तमानपत्रात छापून येते की ५ कोटींचा खेळाडू २ कोटींना विकून क्लबने ३ कोटी बुडवले. वहीत मात्र तोटा १ कोटीचाच दिसतो, कारण आधीचे २ कोटी मागच्या दोन वर्षांत खर्ची पडलेले आहेत. शिवाय त्याला ठेवले असते तर याच वर्षी १ कोटी ५२ लाख लागले असते. म्हणजे तोट्यात विकूनसुद्धा क्लबचे हे वर्ष ५२ लाखांनी हलके होते आणि पुढची दोन वर्षे पूर्ण मोकळी मिळतात. भाच्याने हे गणित कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिले आणि मगच मान्य केले.

माझ्याकडे एक व्यापारी होते. त्यांनी चढ्या भावाने उचललेला सूटिंगचा माल खरेदीच्या भावाखाली विकायचा नाही असा हट्ट धरला. चौथ्या वर्षी तो माल कसर लागून किलोच्या भावाने गेला, आणि तोवर गोदामाचे भाडे वेगळे भरून झाले होते. खेळाडूच्या बाबतीत गोदामाचे भाडे म्हणजे पगार, आणि तो खरेदीच्या किमतीपेक्षाही जड पडू शकतो. ही तुलना मात्र एवढ्यावरच थांबवावी लागते, कारण कापडाच्या ठाणाला नकार देता येत नाही आणि खेळाडूला देता येतो. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

कराराची लांबी येथे फार महत्त्वाची ठरते. २०२३ च्या जानेवारीत चेल्सीने एन्झो फर्नांडिस आणि मिखाइलो मुद्रिक यांच्याशी साडेआठ वर्षांचे करार केले. वर्षे जास्त असली की दरवर्षीचा हिस्सा लहान दिसतो. मात्र ८ कोटींचा खेळाडू आठ वर्षांच्या करारावर घेतला, तर तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ५ कोटी राहते, आणि तोच पाच वर्षांच्या करारावर घेतला असता तर ३ कोटी २० लाख राहिली असती. खेळाडू चमकला तर प्रश्न येत नाही, पण तो नकोसा झाला की लांब कराराने वाचवलेले पैसे विक्रीच्या दिवशी अंगावर येतात. युएफाने २०२३ च्या उन्हाळ्यापासून आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षाच्या डिसेंबरात नियम केला की करार कितीही लांब असला, तरी हिशेबासाठी वाटणी पाचच वर्षांवर करायची.

याच हिशेबाची दुसरी बाजू माझ्या मनाला फार लागते. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते, कारण त्याला कोणाकडून विकत घेतलेले नसते. तो ३ कोटींना विकला तर तिन्ही कोटी निव्वळ नफा. त्यामुळे खेळाच्या दृष्टीने हवाहवासा असलेला मुलगा वहीच्या दृष्टीने विक्रीचा पहिला उमेदवार ठरतो. कॉनर गॅलॅगर लहानपणापासून चेल्सीत वाढला, २०२३-२४ मध्ये त्याने अनेक सामन्यांत संघाचे नेतृत्व केले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला. त्याच उन्हाळ्यात जूनअखेरीस काही इंग्लिश क्लबांनी एकमेकांचे तरुण अकादमी-खेळाडू विकत घेतले. टिम इरोएगबुनाम अ‍ॅस्टन व्हिलाहून एव्हर्टनला गेला आणि लुइस डॉबिन एव्हर्टनहून व्हिलाला आला. आर्थिक शिस्तीसाठी केलेला नियम आपल्याच गावच्या पोरांना आधी बाहेर काढायला लावत असेल, तर त्या नियमात दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : तारीख पाहावी

इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबांचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते, तर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची उन्हाळी खिडकी ऑगस्टअखेरपर्यंत किंवा १ सप्टेंबरपर्यंत उघडी असते. आपल्याकडे ३१ मार्चला पेढीवर जी धावपळ चालते, ती तेथे जूनच्या शेवटच्या आठवड्यात चालते. वरच्या उदाहरणातला खेळाडू ३० जूनला विकला, तर १ कोटीचा तोटा सरत्या वर्षात बसतो आणि नवे वर्ष कोरे मिळते. तोच १ जुलैला विकला, तर तोटा नव्या वर्षात जातो. सरते वर्ष मर्यादेला टेकले असेल तर क्लब तोट्याची विक्री एक दिवस पुढे ढकलतो, आणि नफ्याची विक्री असेल तर ती एक दिवस अलीकडे ओढतो.

नॉटिंगहॅम फॉरेस्टची गोष्ट यासाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच अकादमीतला खेळाडू, तेव्हा विक्रीची सगळी रक्कम नफ्यात जाणार होती. जास्त भाव मिळावा म्हणून त्यांनी थांबून १ सप्टेंबर २०२३ रोजी त्याला ४ कोटी ७५ लाख पौंडांना टॉटनहॅमला विकले. भाव चांगला आला, पण हिशेबाचे वर्ष ३० जूनलाच बंद झाले होते. मर्यादा ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली गेली आणि २०२४ च्या मार्चमध्ये ४ गुण गेले. थांबल्यामुळे क्लबचे भलेच झाले हा त्यांचा युक्तिवाद आयोगाने मानला नाही. बातमी वाचताना रकमेच्या आधी तारीख पाहायची सवय मी या प्रकरणापासून लावून घेतली.

चौथी पायरी : क्लबपुढच्या वाटा एकेक करून तपासाव्यात

सरळ विक्री सगळ्यांत चांगली, पण ती बहुधा पगारापाशी अडते. आठवड्याला १ लाख पौंड घेणारा खेळाडू ज्या क्लबांना हवा असतो, त्यांना ४० हजारांच्या वर देणे परवडत नाही. मग विकणारा क्लब किंमत उतरवतो किंवा पगारातल्या फरकाची काही रक्कम खेळाडूला देऊन टाकतो.

विक्री जमली नाही की क्लब खेळाडूला लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता दुसऱ्या क्लबाकडे खेळायला, पाठवतो. आपल्या खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबाने २० लाख भाडे दिले आणि निम्मा पगार, म्हणजे २६ लाख, उचलला असे धरू. क्लबचा वर्षाचा भार १ कोटी ५२ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर येतो. तोट्यात विकले असते तर १ कोटी लागले असते, म्हणजे वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटते. फरक पुढच्या वर्षी कळतो. खेळाडू परत येतो तेव्हा वहीत त्याची किंमत २ कोटी असते. तिकडेही तो चालला नसेल आणि भाव १ कोटी २० लाखांवर घसरला असेल, तर आणखी ८० लाख जातात. लोनमुळे दुखणे पुढे ढकलले जाते, आणि तिकडे खेळाडू चमकला तरच ते बरे होते. लोनवर पाठवण्याआधी क्लब कधीकधी त्याच खेळाडूचा करार एका वर्षाने वाढवतो. मुलांना हे वेडेपणाचे वाटले होते. उरलेली किंमत एका जास्तीच्या वर्षावर पसरते आणि परतल्यावर तो फुकटात निघून जाण्याच्या उंबरठ्यावर नसतो, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

लोनला ‘नंतर विकत घ्यावेच लागेल’ अशी अट जोडलेली असेल, तर अटीचे शब्द नीट वाचावेत. अट बिनशर्त असेल तर युएफाच्या हिशेबात ती पहिल्या दिवसापासून विक्रीच धरली जाते. अट सामन्यांच्या संख्येवर असेल, तर दोन्ही क्लब मिनिटे मोजू लागतात. २०१९ मध्ये १२ कोटी युरोंना घेतलेल्या आंत्वान ग्रीझमनला बार्सिलोनाने २०२१ मध्ये अ‍ॅटलेटिकोला लोनवर परत दिले. तो ठरावीक प्रमाणात सामन्यांत किमान ४५ मिनिटे खेळला तर ४ कोटी युरो द्यायचे, असे ठरले होते. २०२२ च्या हंगामाच्या सुरुवातीला अ‍ॅटलेटिको त्याला सामन्यामागून सामना साठाव्या मिनिटानंतरच मैदानात उतरवू लागला. अखेर ऑक्टोबरात त्याहून पुष्कळ कमी रकमेत कायमचा सौदा झाला. जगज्जेत्या संघातला एक खेळाडू घड्याळाकडे पाहत बाकावर बसला होता, हे दृश्य मला अजून अस्वस्थ करते. अटीतून पैसे देऊन सुटण्याची तरतूदही असू शकते; जेडन सँचोला २०२४-२५ मध्ये लोनवर घेतल्यानंतर चेल्सीने त्याला विकत घेण्याऐवजी ५० लाख पौंड भरून मँचेस्टर युनायटेडला परत पाठवल्याचे वृत्त आले.

एके काळी चेल्सीचे चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच हंगामात लोनवर असत. आता फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली आहे. २०२४ पासून एका क्लबाचे जास्तीत जास्त सहा खेळाडू बाहेर आणि सहा आत. स्वतः घडवलेल्या २१ वर्षांपर्यंतच्या खेळाडूंना यातून सूट आहे.

राहिली वाट करार संपवण्याची. ‘रिलीज’ या शब्दाच्या सगळ्यांत जवळची हीच, आणि ती कधी स्वस्त आणि कधी महाग पडते हे पुस्तकी किंमत सांगते. आपल्या खेळाडूचा करार आज संपवला तर ३ कोटी एकाच वर्षात खर्ची टाकावे लागतील आणि वर तडजोडीची रक्कम लागेल. करार शेवटच्या वर्षात येईपर्यंत थांबले, तर १ कोटी तसेही त्या वर्षी खर्ची पडणारच असते. मग प्रश्न पगाराचाच उरतो. ५२ लाखांऐवजी ३० लाख घेऊन जायला खेळाडू तयार झाला, तर २२ लाख वाचले. टॉटनहॅमने २०१९ मध्ये त्या वेळच्या आपल्या विक्रमी रकमेला घेतलेला तांगी एंडोम्बेले लिऑन, नापोली आणि गलातासराय येथे लोनवर फिरला आणि कराराचे एक वर्ष उरले असताना २०२४ च्या जूनमध्ये त्याला मोकळे केले गेले. आर्सेनलने ७ कोटी २० लाख पौंडांना घेतलेल्या निकोला पेपेचेही शेवटचे वर्ष उरले असताना २०२३ च्या सप्टेंबरात तसेच झाले. पेपे तुर्कस्तानच्या त्राबझोनस्पोरला गेला, आणि त्याआधी २०२१ च्या जानेवारीत आर्सेनलशी करार संपवून मेसुत ओझिल तिथल्याच फेनेरबाहचेला गेला होता. तुर्कस्तानची खरेदीची खिडकी इंग्लंडनंतरही काही दिवस उघडी राहते. तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडच्या बातम्यांवर नजर ठेवावी.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. प्रीमियर लीगमध्ये २५ जणांची यादी द्यावी लागते आणि २१ वर्षांखालचे त्यात धरत नाहीत. यादीतून नाव वगळले की खर्च वाचला असे मुलांना वाटत होते. नाव वगळल्याने एक पैसाही वाचत नाही. ओझिलचे नाव २०२० च्या ऑक्टोबरात वगळले गेले, तरी करार संपेपर्यंत त्याचा पगार चालूच होता.

पाचवी पायरी : खेळाडूच्या बाजूने करार वाचावा

खिडकी बंद व्हायला आठवडा उरला की समाजमाध्यमांवर एक सूर हमखास ऐकू येतो : हा खेळाडू लोभी आहे, जागा अडवून बसला आहे. आमच्या खोलीतही तो सूर निघाला होता आणि मी तो तेथेच थांबवला. पगाराचा आकडा क्लबाने लिहिला आणि वर्षेही क्लबाने मोजली. सही दोघांची असली तरी खेळाडू पारखण्याचे काम क्लबचे होते, आणि पारख चुकली तर तिची किंमत क्लबाने मोजावी. विन्स्टन बोगार्ड २००० ते २००४ अशी चार वर्षे चेल्सीत राहिला, जेमतेम डझनभर सामने खेळला, पण सरावाला येत राहिला आणि ठरलेला पगार घेत राहिला. त्याची आजही टिंगल होते. त्याने कराराचे एकही कलम मोडले नव्हते.

फिफाच्या नियमांत खेळाडूला संरक्षण आहे. दोन महिन्यांचे पगार थकले, तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट पाहिल्यावर तो करार मोडू शकतो. हे कलम भारतातल्या व्यावसायिक खेळाडूंनाही उपयोगी आहे. करार सोडायला किंवा पगार कमी करायला भाग पाडावे म्हणून क्लबाने छळ केला, तर तेही करार मोडण्याचे न्याय्य कारण ठरते. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवले, तर हंगाम संपल्यावर खेळाच्या कारणास्तव करार संपवण्याची मागणी तो करू शकतो. खेळाडूला मुख्य संघापासून तोडून वेगळ्या वेळी, वेगळ्या मैदानावर सराव करायला लावण्याचे प्रकार मोठ्या क्लबांत सर्रास चालतात; नियमाच्या काठावरून चालणारी ही वागणूक मला व्यवस्थापन वाटत नाही.

बार्सिलोनाने २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रेंकी डी याँगला विकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. अडचणीच्या काळात क्लबच्या विनंतीवरून त्याने आपल्या पगाराचा मोठा भाग पुढच्या वर्षांवर ढकलू दिला होता, आणि तोच वाढलेला पगार आता क्लबला जड झाला होता. तो जागचा हलला नाही आणि पुढे पुन्हा संघाच्या मध्यभागी खेळू लागला. नकोसा हा शिक्का एका खिडकीपुरता असू शकतो, म्हणून पान मांडताना त्यावर पेन्सिलीने लिहावे.

पान कसे मांडावे

डायरीचे एक पान घ्यावे. डाव्या बाजूला खरेदीची रक्कम, कराराची वर्षे, उरलेली वर्षे आणि त्यांवरून निघालेली पुस्तकी किंमत लिहावी. उजवीकडे अंदाजे वार्षिक पगार, आलेली मागणी आणि आर्थिक वर्ष संपण्याची तारीख लिहावी. पगाराचे आकडे क्लब जाहीर करत नाहीत, म्हणून बातमीतला आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. मग ठेवून घेणे, विक्री, लोन आणि करार संपवणे या चारही वाटांचा या वर्षाचा आणि पुढच्या वर्षाचा भार वेगवेगळा काढावा. क्लब स्पेनचा असेल तर एक जास्तीचा रकाना दुखापतीचा ठेवावा, कारण तेथे दीर्घकाळ जायबंदी झालेल्या खेळाडूच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग तात्पुरता मोकळा होतो; २०२४ मध्ये आंद्रेआस क्रिस्टेन्सन जायबंदी झाल्यावर डानी ओल्मोची नोंदणी याच सवलतीतून झाली.

आणि करार संपायला सहा महिने उरले की आकडेमोड थांबवावी. त्या दिवसापासून खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाशी पुढचा करार मोकळेपणाने करू शकतो, त्याची पुस्तकी किंमत शून्याकडे आलेली असते, आणि ३० जूनला ते पान आपोआप मिटते. भाच्याने आपल्या आवडत्या क्लबातल्या तीन खेळाडूंची पाने मांडली आहेत. त्यांतले एक येत्या जूनमध्ये मिटेल.